दाखवायचे घर

न्यू जर्सी राज्यातील एडिसनजवळ माझी एक मावसबहीण राहते. सव्वीस वर्षे राहिलेले घर तिने विकायला काढले, त्या महिन्यात मी योगायोगाने तिच्याकडे मुक्कामाला होते. घर विकण्याची आपल्याकडची रीत मला ठाऊक होती. ओळखीपाळखीत शब्द टाकायचा, एखाद्या दलालाच्या कानावर घालायचे, माणसे पाहायला आली की चहा ठेवायचा, "हा पोपडा गेल्या पावसाळ्यातला, बाकी घर मजबूत आहे" असे सांगायचे आणि व्यवहार जुळला की दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन खरेदीखत नोंदवायचे. पाहायला येणाऱ्याने घराबरोबर घरातली माणसेही पाहावीत, किंबहुना माणसांवरूनच घराची पारख करावी, अशी या रीतीमागची अलिखित समजूत असते. ताईकडे मात्र एजंटबाई आल्या त्या दोन पानी यादी घेऊनच.

यादीतले पहिले कलम कौटुंबिक छायाचित्रांचे होते. ती सगळी उतरवायची. मुलांच्या पदव्यांच्या चौकटी, फ्रिजवरची चुंबके, कॅलेंडर, दारावरचे तोरण, दाराशी काढलेल्या चपला, हेही सारे हलवायचे. निम्मे फर्निचर महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या गोदामात पाठवायचे. कपाटे अर्धी रिकामी करायची, कारण येणारे लोक कपाटे उघडून पाहतात आणि गच्च भरलेले कपाट पाहिले की घरात जागा कमी आहे असे त्यांच्या मनात भरते. न्हाणीघरात वापरातले टूथब्रश दिसता कामा नयेत; ओट्यावर कॉफीच्या यंत्राखेरीज काही नको. भर दुपारीही घरातला प्रत्येक दिवा लावायचा. आधीचे चार दिवस फोडणी करायची नाही. आणि स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीवर फळी ठोकून केलेले देवघर काढायचे. बाई फार सौजन्याने बोलत होत्या. ती भिंत 'न्यूट्रल' दिसली तर बरे, एवढेच त्या म्हणाल्या. मला राग आला. ताईला आला नाही. "अगं, बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली, "लोकांना आपलं घर हवंय, आपण नको आहोत."

रविवारी दुपारी एक ते चार ही 'ओपन हाऊस'ची वेळ. कोपऱ्यावर बाण काढलेला फलक लावलेला. रस्त्याने जाणाऱ्या कोणीही यावे, वही असेल तर नाव लिहावे आणि घरभर फिरावे. घरमालकाने मात्र त्या वेळी घरात थांबायचे नाही, असा संकेत आहे. तेव्हा ते तीन तास ताई, भावोजी, मी आणि गाडीच्या डिकीत खणात गुंडाळून ठेवलेले देव, असे आम्ही एका मॉलच्या वाहनतळावर काढले. तिथे बसल्याबसल्या माझ्या मनात आले, की इंग्रजीत 'ओपन हाऊस' हा शब्दप्रयोग पूर्वी आतिथ्याचा होता. ज्याच्या घराचे दार आल्यागेल्याला उघडे, ज्याच्या पंक्तीला कोणीही बसावे, अशा यजमानाविषयी तो वापरत. मग यजमानाला घराबाहेर काढून दार उघडण्याला हेच नाव कसे पडले? परत आल्यावर या प्रश्नाचा मी यथाशक्ती पाठपुरावा केला. भाषेच्या अभ्यासकाने घरबांधणीच्या इतिहासात शिरावे की नाही, हा वाद बाजूला ठेवून त्यातून जे हाती लागले ते इथे मांडते.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकेत, बांधून तयार झालेले नवे घर 'पाहणीसाठी खुले' ठेवण्याची पद्धत रुळली. घर रिकामे, त्यात बांधणाऱ्याचा किंवा दलालाचा माणूस बसलेला. रिकाम्या घरात लपवण्यासारखे काही नसते. पण रिकाम्या खोल्या विकल्या जात नाहीत, हे विक्रेत्यांच्या लवकरच ध्यानात आले असावे. माणूस विटा-चुना विकत घेत नाही, त्यात आपण जगणार असलेले आयुष्य विकत घेतो; तेव्हा त्या आयुष्याचा नमुना मांडून ठेवला पाहिजे. हा विचार केवळ व्यापाऱ्यांचा राहिला नाही, तो तिथे राष्ट्रीय चळवळ झाला, ही त्यातली विशेष गोष्ट. १९२२ साली 'डेलिनिएटर' या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादक मेरी मेलोनी यांनी 'बेटर होम्स इन अमेरिका' ही मोहीम सुरू केली. त्या वेळचे वाणिज्यमंत्री, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर, तिचे पाठीराखे होते. गावोगावच्या स्त्रियांच्या समित्यांनी वर्षातून एक आठवडा एखादे प्रात्यक्षिक घर सजवायचे आणि लोकांना पाहायला उघडायचे, असे तिचे स्वरूप होते. १९२३ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनमध्ये, व्हाइट हाऊसजवळ, असेच एक घर उभारून त्याचे उद्घाटन खुद्द राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते झाले. 'होम, स्वीट होम' हे गीत लिहिणाऱ्या जॉन हॉवर्ड पेन याच्या बालपणीच्या घराची ती प्रतिकृती. त्या गीताला त्या वर्षी शंभर वर्षे झाली होती. पेन स्वतः १८५२ साली दूर ट्यूनिसमध्ये वारला. त्याच्या घराची नक्कल मात्र राजधानीत आधुनिक स्वयंपाकघरासह उभी राहिली आणि लोक ती पाहून आपले घर कसे असावे हे शिकू लागले.

मोहीम सुरू झाली त्याच १९२२ साली सिंक्लेअर लुईस यांची 'बॅबिट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक घरांचा दलालच आहे. त्याच्या स्वतःच्या घराचे वर्णन करताना लुईस सुचवतात, की सगळे काही प्रमाणबद्ध, सगळे काही ठरलेल्या आराखड्याबरहुकूम, आणि तरी ती खोली एखाद्या चांगल्या हॉटेलातली वाटावी. ज्या काळात हूवर आणि मेलोनी आदर्श घराचा नमुना देशापुढे ठेवत होते, त्याच काळात एका कादंबरीकाराला त्या नमुन्याची भीती दिसली होती. समीक्षक 'बॅबिट'कडे सहसा मध्यमवर्गावरचा उपहास म्हणून पाहतात. माझ्या मते ती घर आणि घराचा देखावा यांतील अंतराचीही कादंबरी आहे.

याच १९२३ सालातली दुसरी एक घटना आपल्या अधिक जवळची आहे. वॉशिंग्टनमधील त्या घराचे दार उघडण्याच्या चार महिने आधी, फेब्रुवारीत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निर्णय दिला, की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. कॅलिफोर्नियात तर नागरिकत्वाला अपात्र असलेल्याला जमीन विकत घेण्यासही कायद्याने मनाई होती. पेशावरहून १९१५ साली सहकुटुंब आलेल्या वैष्णोदास बगई यांना मिळालेले नागरिकत्व या निर्णयापायी गेले, मालमत्ता विकावी लागली, आणि १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी कला बगई यांनी सांगितलेली एक आठवण नोंदली गेली आहे. बगई कुटुंबाने बर्कली येथे घर घेतले. सामान घेऊन ते राहायला गेले, तेव्हा शेजाऱ्यांनी ते घर बंद करून ठेवले होते. कुटुंब आल्या पावली परत फिरले. २०२० मध्ये त्याच बर्कली शहराने एका रस्त्याला कला बगई यांचे नाव द्यायचे ठरवले. मधे किती वर्षे गेली, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

घर कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही, हा त्या काळी खाजगी पूर्वग्रहाचा प्रश्न नव्हता. तो धंद्याचा नियम होता. अमेरिकेतील घरदलालांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२४ साली आपल्या आचारसंहितेत एक कलम घातले. ज्या वंशाच्या वा राष्ट्रीयत्वाच्या लोकांच्या येण्याने वस्तीतील मालमत्तेची किंमत उतरेल, त्यांना त्या वस्तीत आणण्यास दलालाने निमित्त होऊ नये, असा त्याचा आशय होता. कलमाची भाषा १९५० पर्यंत बदलली नाही. म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीतले घर काळ्या माणसाला दाखवणारा दलाल अनैतिक वागला, असे ठरत होते. त्याच संघटनेने २०२० मध्ये या भूतकाळाबद्दल जाहीर क्षमा मागितली.

या पार्श्वभूमीवर लेव्हिटटाऊनकडे पाहावे लागते. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांना घरे हवी होती आणि १९४४ च्या कायद्याने त्यांना स्वस्त कर्ज मिळत होते. विल्यम लेव्हिट यांनी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांच्या जागी, १९४७ ते १९५१ या काळात १७,४४७ घरे बांधली. ती बांधायची पद्धत कारखान्यातली. फरक एवढाच, की इथे माल जागेवर राही आणि कामगार एका घराकडून दुसऱ्या घराकडे सरकत जात. १९४९ चे घर ७,९९० डॉलरला होते. त्या वर्षीच्या मार्चमधील एका दिवसात १,४०० करार झाले आणि काही कुटुंबे चार चार दिवस रांगेत उभी होती. लोकांनी विकत घेतलेले घर त्या क्षणी अस्तित्वात नव्हते. त्यांनी पाहिले होते ते नमुनाघर. १९५० च्या नमुन्यात तर जिन्याच्या भिंतीत बसवलेला दूरचित्रवाणी संचही होता. खुर्ची कुठे, टेबल कुठे, कुटुंबाने संध्याकाळी कुठे बसायचे आणि कुठे पाहायचे, हे सारे मांडून दिलेले. पुण्या-मुंबईच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. 'सँपल फ्लॅट' नावाची वस्तू आपण सर्वांनीच पाहिली आहे. त्यातल्या चौकटीत हसणारे परके कुटुंबही पाहिले आहे.

लेव्हिटच्या आरंभीच्या करारात एक अट छापलेली होती. कॉकेशियन वंशाखेरीज इतर कोणाला या घरात राहू देता येणार नाही, घरगड्यांचा अपवाद. वंशबंदीच्या अशा अटी न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात ठरवले. तरी लेव्हिट यांचे धोरण बदलले नाही. पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या लेव्हिटटाऊनमध्ये १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे काळे दांपत्य मुलांसह राहायला आले, ते बांधकाम कंपनीकडून घर घेऊन नव्हे, तर एका आधीच्या मालकाकडून जुने घर घेऊन. दारापुढे शेकड्यांनी जमाव जमला, खिडकीवर दगड आले, राज्य पोलीस बोलवावे लागले. मायर्स कुटुंब डगमगले नाही. या घटनेचे वर्णन सहसा वंशद्वेषाच्या इतिहासात येते आणि ते योग्यच आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. कंपनीचे नमुनाघर त्यांच्यासाठी बंद होते. उघडले ते कोणीतरी राहिलेले, वापरलेले घर. एक सामान्य घरमालक आपले घर कोणाला दाखवतो, यावर केवढे अवलंबून असते ते इथे दिसते.

मला या सबंध इतिहासात सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते १९५९ हे साल. त्या वर्षी जुलैमध्ये मॉस्कोच्या सोकोल्निकी उद्यानात अमेरिकेने राष्ट्रीय प्रदर्शन भरवले. त्यात लाँग आयलंडच्या एका बांधकाम कंपनीचे नमुनाघर होते. लाखोंची गर्दी घरातून फिरणार कशी? म्हणून ते मधोमध चिरून दोन भागांमध्ये रुंद वाट ठेवली होती. स्पुटनिकच्या चालीवर त्याला 'स्प्लिटनिक' असे नाव पडले. याच घराच्या स्वयंपाकघरापाशी उपराष्ट्राध्यक्ष निक्सन आणि ख्रुश्चेव्ह यांचा तो प्रसिद्ध वाद झाला. निक्सन म्हणाले, हे घर १४,००० डॉलरचे, आमचा पोलाद कामगार ते सहज घेऊ शकतो. ख्रुश्चेव्ह यांचे म्हणणे असे, की तुमची घरे वीस वर्षे टिकतात, कारण तुमच्या बिल्डरांना नवी विकायची असतात. आम्ही मुलानातवंडांसाठी बांधतो. (त्या कंपनीचा प्रसिद्धीप्रमुख विल्यम सफायर हा होता, पुढे तो निक्सन यांचा भाषणलेखक आणि नामांकित स्तंभलेखक झाला.) शत्रुराष्ट्राच्या राजधानीत आपली विचारसरणी मांडण्यासाठी एका देशाने ओपन हाऊस भरवावे, ही गोष्टच विलक्षण आहे. त्या घरात कोणी राहत नव्हते, कधी राहणार नव्हते. ते कोणाचेही असू शकते, असा त्याचा दावा होता.

त्या आधी चारच महिने, ११ मार्च १९५९ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर लोरेन हॅन्सबेरी यांचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक आले होते. शिकागोच्या दक्षिण भागातील कोंदट भाड्याच्या जागेत राहणारे यंगर हे काळे कुटुंब. वडिलांच्या विम्याचे पैसे येतात आणि आई गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. वस्तीतील रहिवाशांचा प्रतिनिधी, अतिशय सभ्य गृहस्थ, घरी येतो आणि तुम्ही येऊ नका, आम्ही जास्त पैसे देऊन ते घर परत विकत घेतो, असे सुचवतो. हॅन्सबेरी यांना हे काही कल्पनेने रचावे लागले नव्हते. त्यांच्या वडिलांनी १९३७ साली शिकागोतील अशाच वस्तीत घर घेतले होते. जमावाने फेकलेली वीट सात वर्षांच्या लोरेनला लागता लागता राहिली. वडिलांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४० साली ते जिंकले, परंतु जिंकले ते प्रक्रियेच्या मुद्द्यावर. वंशबंदीच्या अटी वैध की अवैध, याला न्यायालयाने हात घातला नाही.

नाटकातील आईकडे कुंडीतले एक खुरटे रोप आहे. उजेड जेमतेम येणाऱ्या खिडकीशी ती ते जगवते. शेवटी सामान गेल्यावर, रंगमंच रिकामा झाल्यावर, ती परत येते आणि ते रोप घेऊन जाते. या रोपावर शिकवण्याच्या निमित्ताने मी वर्गात बरेच बोलले आहे; आशेचे प्रतीक, मुळे, वगैरे. ताईच्या घरी ती दोन पानी यादी वाचताना मात्र ते मला निराळेच दिसले. घर दाखवण्यासाठी तयार करणारा कोणीही व्यावसायिक पहिल्या दिवशी पहिली गोष्ट जर कोणती टाकून देईल, तर ते रोप. मॉस्कोच्या घरात ते नव्हते, असू शकत नव्हते. १९५९ ची ही दोन घरे, एक देशाने जगाला दाखवलेले आणि दुसरे त्याच देशात एका कुटुंबाला सुखाने राहू न दिलेले, शेजारी शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गृहविक्रीतील भेदभाव बेकायदा ठरवणाऱ्या कायद्यावर सही केली. वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ यांवरून घर नाकारता येणार नाही, जाहिरातीत पसंती सुचवता येणार नाही, हे ठरले. ताईच्या एजंटबाईंच्या त्या 'न्यूट्रल' या शब्दामागे हा कायदाही उभा आहे, हे नंतर माझ्या लक्षात आले आणि माझा राग थोडा उतरला. वस्तीत कोणत्या लोकांचे वास्तव्य आहे, हे आज तिथला दलाल ग्राहकाला सांगू लागला तर अडचणीत येतो. अर्थात कायदा झाला म्हणून दारे सरळ उघडली असे नाही. 'न्यूजडे' या दैनिकाने लाँग आयलंडवर तीन वर्षे गुप्त कॅमेरे वापरून तपास केला आणि २०१९ मध्ये तो छापला. एकाच दलालाकडे सारखीच ऐपत सांगणारे दोन ग्राहक, एक गोरा आणि एक बिगरगोरा, असे पाठवून केलेली ती परीक्षा होती. काळ्या ग्राहकांना ४९ टक्के वेळा, हिस्पॅनिकांना ३९ टक्के वेळा आणि आशियाईंना १९ टक्के वेळा वेगळी वागणूक मिळाली. हा तपास झाला तो लेव्हिटटाऊनच्याच बेटावर.

आता त्या यादीकडे येऊ. नवी नमुनाघरे इतकी डोळ्यांत भरू लागली, की जुने, राहते घर विकणाऱ्याला त्यांच्याशी स्पर्धा करणे भाग पडले. अमेरिकन माणूस नोकरीपायी घर बदलतो. राहत्या घरांचा बाजार मोठा. वॉशिंग्टन राज्यातील बार्ब श्वार्ट्झ या बाई आधी गृहसजावट करत आणि नंतर घरांची दलाली करू लागल्या. नाटकाशी त्यांचा संबंध होता. १९७२ साली त्यांनी या कामासाठी 'स्टेजिंग' हा शब्द वापरला, असे या व्यवसायात मानले जाते. राहण्याची रीत वेगळी आणि विकण्याची वेगळी, हे त्यांचे सूत्र. शब्दाची निवड मला फार सूचक वाटते. आपल्याकडे नाटकात त्याला नेपथ्य म्हणतात, आणि नेपथ्य पात्रांसाठी असते. इथे मात्र पात्रांना विंगेतही उभे राहायची परवानगी नाही, कारण प्रेक्षकाने स्वतःच रंगमंचावर चढून नायकाची भूमिका करायची आहे. ग्राहकाला स्वतःचे आयुष्य तिथे कल्पिता यावे म्हणून दुसऱ्याच्या आयुष्याच्या खुणा पुसायच्या, हा त्यामागचा तर्क. तर्क चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. परक्याच्या लग्नाच्या फोटोखाली उभे राहून आपली कोचाची जागा ठरवणे अवघड जाते, हे खरेच आहे.

पुढे दूरचित्रवाणीने हा धंदा घरोघर पोचवला. ब्रिटनमध्ये १९९८ पासून 'हाऊस डॉक्टर', अमेरिकेत २००४ पासून 'डिझाइन्ड टू सेल'. रंग बदामी, भिंत मोकळी, ओव्हनमध्ये बिस्किटांचा वास. आपल्याकडे मुलगी 'दाखवायची' पद्धत होती (होती म्हणताना जीभ चाचरते), तिच्याशी याचे साम्य कोणाच्याही मनात येईल. तिथेही कोणती साडी, किती बोलायचे, कोणता प्रश्न आल्यास काय उत्तर द्यायचे, हे ठरलेले. तिथेही दाखवायच्या वस्तूला स्वतःची हकिगत नसलेली बरी. फरक वासाचा. तिथे पोह्यांची फोडणी स्वागताची खूण, इथे ती अपशकुन.

घराला हकिगत असते, हे विसरता येत नाही, याचा एक गमतीदार दाखला न्यायालयाच्या दप्तरात आहे. न्यूयॉर्क राज्यातील नायॅक येथे हडसन नदीकाठी हेलन अ‍ॅक्ली या बाईंचे जुने घर होते. घरात भुते आहेत, असे त्या मोठ्या हौशीने सांगत. १९७७ साली 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये त्यांनी त्यावर लिहिलेही होते. पुढे त्यांनी घर ६,५०,००० डॉलरला विकायला काढले आणि जेफ्री स्टॅम्बॉव्स्की या बाहेरगावच्या गृहस्थांनी बयाणा दिला. भुतांची गोष्ट कळल्यावर त्यांनी व्यवहार मोडायला दावा लावला. १९९१ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला, की ज्या अर्थी मालकिणीने जगाला भुते असल्याचे सांगितले आहे, त्या अर्थी कायद्याच्या दृष्टीने हे घर झपाटलेले आहे आणि ग्राहकाला व्यवहार मोडता येईल. कोणी घर पाहायला आला तर त्याला भूत दिसणार नाही, हे न्यायमूर्तींना मान्य होते. म्हणूनच ते सांगायची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. घर कितीही रंगवा, त्यात सांगितलेल्या गोष्टी मालकी हक्काबरोबर चालत येतात, असे काहीसे त्या निकालातून निघते. साहित्याच्या माणसाला तो निकाल आवडला नाही तरच नवल.

परंतु खुणा पुसण्याचे ओझे सगळ्यांवर सारखे पडत नाही, आणि या विषयातला कळीचा मुद्दा मला इथेच दिसतो. कॅलिफोर्नियातील मरिन सिटी येथे २०२० साली एका काळ्या दांपत्याने आपल्या घराचे मूल्यांकन करून घेतले. ते ९,९५,००० डॉलर आले. त्यांना ते पटले नाही. काही आठवड्यांनी दुसरे मूल्यांकन करताना त्यांनी घरातले आपले फोटो काढले, आफ्रिकी कलावस्तू हलवल्या, एका गोऱ्या मैत्रिणीचे कौटुंबिक फोटो लावले आणि मूल्यांकनकर्त्यासमोर घरमालकीण म्हणून तिलाच उभे केले. या वेळी घर १४,८२,५०० डॉलरचे ठरले. त्यांनी २०२१ मध्ये दावा दाखल केला. २०२३ मध्ये तडजोड झाली. हे ओपन हाऊस नव्हते, बँकेच्या कर्जासाठीचे मूल्यांकन होते, हे खरे. पण ओपन हाऊसच्या यादीतलीच कलमे त्यांनी पाळली होती. 'कोणाचेही नसलेले घर' नावाची वस्तू प्रत्यक्षात एका विशिष्ट समाजाच्या घरासारखी दिसते. ज्यांचे घर मुळातच तसे असते त्यांना काढावे लागते ते चारदोन चौकटी. इतरांना काढावे लागते ते जास्त, आणि कधी कधी स्वतःला.

ओपन हाऊसमुळे घरे विकली जातात का, याविषयी त्या धंद्यातच दुमत आहे. पुष्कळ दलाल मोकळेपणाने सांगतात, की रविवारची ती तीन तासांची बैठक दलालाला नवे ग्राहक मिळवून देण्यासाठीच अधिक उपयोगी पडते. २०२४ च्या ऑगस्टपासून तिथे नियम बदलले. दलालाबरोबर घरे पाहत हिंडायचे तर ग्राहकाला आधी लेखी करार करावा लागतो. ओपन हाऊसला नुसते डोकावायला तो लागत नाही. त्यामुळे या प्रथेला नवे बळ आले असल्यास आश्चर्य नाही.

ताईच्या घराला त्या रविवारी बरीच माणसे येऊन गेली. एजंटबाईंनी वही दाखवली. त्यातली अर्ध्याहून अधिक नावे रेड्डी, पटेल, अय्यर अशी होती. एडिसनच्या आसपास दुसरे काय असणार? ती वही पाहून भावोजी इतके हसले, की एजंटबाई गोंधळून गेल्या. घर शेवटी एका तेलुगू कुटुंबाने घेतले. ताबा घेण्याच्या आदल्या दिवशी शेवटची पाहणी करायला ते आले, तेव्हा संकेत मोडून ताई घरातच होती. त्या मुलीने स्वयंपाकघरात पूर्वेच्या भिंतीवरची बुजवून रंगवलेली दोन भोके बरोबर हेरली आणि इथे काय होते, असे ताईला विचारले. ताईने सांगितले. मग ती फळी तुम्ही नेली का, असे तिने विचारले. फळी गाडीत होती. भावोजी स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गॅरेजमध्ये गेले.